फळाचा धनी कोण?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात आमच्याकडे राहावयास आली होती. हैदराबादच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. पडदे ओढून ती एक सचेतनपट पाहत बसे, आणि डोळ्यांना हल्ली वाचन सोसत नसल्यामुळे मीही माझी आरामखुर्ची तिच्या शेजारी ओढून घेऊ लागलो. रेखाटलेल्या चित्रांना चलन देऊन रचलेल्या या कथाप्रकाराला आता सारेच अ‍ॅनिमेशन म्हणतात, आणि तो मुलांचा खेळ आहे अशी माझ्या पिढीची समजूत असते. ती समजूत चार दुपारींत गळून पडली. पाचव्या दुपारी मात्र नात कंटाळली. कथेतील वीर जग वाचविण्याच्या मोहिमेवर निघालेला, आणि भाग चाललेला एका गावातील कोळ्यांच्या दैन्याचा. तिने माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, मुख्य गोष्ट पुढे कधी सरकणार?"

प्रश्न बालसुलभ होता. परंतु मी त्याचे उत्तर त्या दिवशी देऊ शकलो नाही. कारण तो केवळ कथारचनेचा प्रश्न नाही, आचरणाचाही आहे, असे मला तेव्हाच जाणवले. मोठ्या कार्यासाठी निघालेल्याने वाटेवरच्या गावात थांबावे काय? थांबला तर ते कर्तव्य की कर्तव्यच्युती? आणि न थांबता पुढे गेला, तर ज्या जगाला वाचविण्यासाठी तो निघाला ते जग म्हणजे नेमके कोण? या प्रश्नांचा मागोवा घेण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

प्रथम त्या कथेचा परिचय करून देणे अवश्य आहे. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोन अमेरिकन कलावंतांनी निर्मिलेली 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही मालिका 2005 ते 2008 या काळात प्रसारित झाली. तिची तीन पर्वे असून एकूण भाग 61 आहेत. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू या चार तत्त्वांवरून चार राष्ट्रे कल्पिलेली आहेत. अग्निराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी युद्ध आरंभिले, वायुपंथीयांचा उच्छेद केला, आणि आता उरलेले जग ते गिळू पाहत आहे. चारही तत्त्वांवर प्रभुत्व मिळवू शकणारा एकच मनुष्य प्रत्येक युगात जन्मतो, तो 'अवतार'. या वेळचा अवतार आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा आहे. आपल्यावर येऊ घातलेल्या भाराला भिऊन तो पळाला, आणि शंभर वर्षे हिमनगात निद्रिस्त राहिला. जागा होतो तो युद्ध अखेरच्या टप्प्यावर आलेले. उन्हाळा संपताना एक धूमकेतू येणार आहे, त्याच्या बळाने अग्निराष्ट्र अजिंक्य होईल, आणि तत्पूर्वी या मुलाला उरलेली तीन तत्त्वे शिकून घ्यावयाची आहेत. बरोबर जलजमातीतील कटारा आणि सोक्का ही बहीणभावंडे, आणि वाहन म्हणून एक उडणारा सहा पायांचा प्रचंड पशू. त्या पशूचे नाव अप्पा आहे हे ऐकून मराठी मनुष्याला हसू आल्यावाचून राहत नाही!

म्हणजे मुदत ठरलेली, शत्रू प्रबळ, आणि वीर बालवयाचा. आणि तरीही ही कथा दर दोनतीन भागांआड कुठल्या तरी गावात उतरते, तेथील दुकानदार, निर्वासित, कोळी, ज्योतिषी, भांडकुदळ म्हातारे यांच्यात रमते.

आपल्याकडील नाट्यशास्त्राने या रचनेचा विचार फार पूर्वी केलेला आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त कथावस्तूचे दोन प्रकार सांगितले आहेत: आधिकारिक आणि प्रासंगिक. प्रासंगिकाचे पुन्हा दोन भेद. मुख्य कथेबरोबर दूरवर चालत जाते ती पताका, आणि एका स्थळी उगवून तेथेच मावळते ती प्रकरी. रामकथेतील सुग्रीवाचा वृत्तान्त पताका होय. शबरीची भेट ही प्रकरी. या हिशेबाने गावकऱ्यांचे हे भाग म्हणजे प्रकऱ्या ठरतात, आणि त्यांचे स्थान गौण ठरते. परंतु 'आधिकारिक' या शब्दाची धनंजयाने केलेली फोड जरा लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. अधिकार म्हणजे फलाचे स्वामित्व, असे तो म्हणतो. कथेच्या अंती जे फळ मिळावयाचे त्याचा जो धनी, तो अधिकारी, आणि त्याचे वृत्त ते आधिकारिक. मुख्य कथा कोणती, हे कोणाच्या अंगी बळ अधिक किंवा कोण रंगमंचावर जास्त वेळ उभा राहतो यावरून ठरत नाही. फळ कोणाचे यावरून ठरते.

आता या कसोटीवर आपली कथा घासून पाहावी. युद्ध संपले तर फळ कोणाचे? आंगला राज्य मिळावयाचे नाही, धन मिळावयाचे नाही. त्याचा सारा वंश तर आधीच नष्ट झाला आहे. युद्धसमाप्तीचे फळ आहे ते नदीकाठच्या कोळ्याला, कोबी विकणाऱ्या फेरीवाल्याला, तटाच्या आत दाटीवाटीने राहणाऱ्या निर्वासिताला. ज्यांना आपण गौण पात्रे म्हणतो तेच फळाचे धनी आहेत. असे असेल तर त्यांच्या दारी घालविलेला वेळ मुख्य कथेतून चोरलेला नव्हे. मुख्य कथा ज्यांच्यासाठी आहे त्यांची ती ओळख होय.

परंतु हा निष्कर्ष इतक्या सहजपणे पदरात पाडून घेणे योग्य नाही, कारण त्यावर एक गंभीर आक्षेप आहे. तो आक्षेप कथेतच, सोक्काच्या तोंडून, वारंवार येतो. सोक्का हा वेळापत्रकाचा माणूस. तिसऱ्या पर्वात सूर्यग्रहणाच्या दिवशी अग्निराष्ट्रावर चढाई करावयाची ठरलेली असते, आणि प्रत्येक मुक्कामाचा हिशेब त्याने कागदावर मांडलेला असतो. 'द पेंटेड लेडी' या 2007 मधील भागात ही मंडळी शत्रूच्याच मुलखातील जांग हुई नावाच्या नदीवर वसलेल्या गावी येतात. जवळच्या शस्त्रकारखान्याच्या घाणीने नदी नासली आहे. मासे उरले नाहीत. मुले आजारी आहेत. कटाराला तेथे थांबावयाचे आहे. सोक्का म्हणतो ते अविवेकाचे नाही: प्रत्येक गावासाठी थांबलो तर ग्रहण हुकेल, आणि ग्रहण हुकले तर अशी हजार गावे मरतील. मोठ्या हितासाठी लहान हित मागे ठेवावे, हा हिशेब कोणत्याही सेनापतीचा, कोणत्याही नियोजनकाराचा, किंबहुना कोणत्याही कर्त्या मनुष्याचा असतो.

कटारा काय करते? ती खोटे बोलते. अप्पाची जीभ फळांच्या रसाने रंगवून तो आजारी असल्याचे भासविते, आणि रात्री त्या नदीच्या देवतेचा वेष घेऊन आजाऱ्यांना बरे करते. पुढे कारखानाच उद्ध्वस्त करते, आणि त्याचा सूड म्हणून सैनिक गावावर चालून येतात. म्हणजे तिच्या कनवाळूपणाने गावावर अधिकच मोठे संकट ओढवते. लेखकांचा प्रामाणिकपणा येथे दिसतो. दया केली की फळ गोडच येते अशी बालबोध शिकवण त्यांनी दिलेली नाही. थांबण्याची किंमत पडते, आणि ती कधीकधी ज्यांच्यासाठी थांबलो त्यांनाच मोजावी लागते. अखेरीस सोक्का वेळापत्रक बाजूला ठेवून बहिणीच्या मदतीस येतो. तिचा हिशेब बरोबर आणि आपला चूक, असे त्याला पटलेले नसते. समोर माणसे मरत असताना हिशेब मांडीत बसणारा आपण होऊ नये, इतकेच त्याला उमगते. आणि हे गाव शत्रुराष्ट्राचे आहे हेही विसरू नये. ग्रहणाच्या दिवशी ज्या देशावर तुटून पडावयाचे, त्या देशात अशीही माणसे आहेत हे कळल्यावाचून त्या चढाईला न्याय्य कसे म्हणावे?

सोक्काचा हिशेब शेवटपर्यंत नेला तर मनुष्य कोठे पोहोचतो, याचे चित्र या मालिकेने पहिल्याच पर्वात, 2005 मधील 'जेट' या भागात, काढून ठेवले आहे. जेट हा अरण्यात झाडांवर राहून शत्रूशी झुंजणाऱ्या मुलांचा म्होरक्या. त्याचे आईबाप अग्निराष्ट्राने मारलेले. तो देखणा आहे, शूर आहे, वाणी मोहक आहे, आणि त्याचे दुःख खरे आहे. जवळचे एक नगर शत्रूच्या ताब्यात आहे. धरण फोडून ते नगरच बुडवावे, म्हणजे शत्रूचे सैनिकही बुडतील, असा त्याचा बेत. नगरात सामान्य नागरिकही आहेत, याचे त्याला अज्ञान नाही. तो ते नुकसान स्वातंत्र्याच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. जेटला नगर दिसते, पण त्यातील माणसे दिसत नाहीत. आणि येथे लेखकांनी एक नेमकी योजना केली आहे. आधी जेटच्या टोळीने एका वृद्ध वाटसरूला तो केवळ शत्रुराष्ट्राचा म्हणून मारहाण केलेली असते, तेव्हा सोक्काने त्याची बाजू घेतलेली असते. पुढे धरण फुटणार हे सांगावयास सोक्का नगरात धावतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावयास कोणी तयार नसते. त्याची साक्ष पटविणारा निघतो तो हाच वृद्ध. एका रस्त्यावरच्या म्हाताऱ्याशी केलेले माणुसकीचे वर्तन सगळ्या नगराचे प्राण वाचविते. प्रकरीने मुख्य कथेला हात दिला, असे शास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

तथापि, नित्याचे जीवन हेच श्रेष्ठ आणि महाकार्य हा केवळ अहंकार, असे म्हणणेही तितकेच घातक आहे. त्याचा प्रत्यय दुसऱ्या पर्वात येतो. बा सिंग से ही पृथ्वीराज्याची राजधानी. तटामागे तट असलेली, निर्वासितांनी भरलेली विराट नगरी. तेथे बाजार भरतात, चहाची दुकाने चालतात, उद्याने फुलतात. आणि युद्ध हा शब्द उच्चारण्यास बंदी आहे. गुप्त पोलिसांचे दल ही शांतता राखते. जो युद्धाविषयी बोलतो तो नाहीसा होतो आणि परत येतो तो हसतमुख, विसराळू होऊन. खुद्द राजालाही आपल्या राज्यात शंभर वर्षे युद्ध चालले आहे याची वार्ता नाही. नित्याचे जीवन येथे असत्याच्या पायावर उभे केले आहे, आणि म्हणूनच ते नगर बाहेरच्या तोफांवाचून आतूनच कोसळते. जेट गावाचा बळी देऊन युद्ध जिंकू पाहतो. हे नगर युद्धाचे सत्य दडपून गाव राखू पाहते. दोघेही एकाच तराजूचे एकेक पारडे तोडून टाकतात.

तराजू हा शब्द मी सहज वापरला, परंतु त्यात अर्थ आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या ग्रंथातील विवेचनात लयीची तीन तत्त्वे मानली: संवाद, विरोध आणि समतोल. समतोल म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखे वजन घालणे नव्हे. काही ठिकाणी एक लहानसा ठिपका चित्राच्या दुसऱ्या बाजूच्या मोठ्या आकृतीला तोलून धरतो. तो ठिपका पुसला तर आकृती मोठीच राहते, पण चित्र कलंडते. गावकऱ्यांच्या कथांचे वजन असे आहे. ते किती वेळ दाखविले याला महत्त्व थोडे. ते नसते तर काय कलंडले असते, हे पाहावयाचे.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे 2006 मधील 'टेल्स ऑफ बा सिंग से' हा भाग. यात कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. प्रत्येक पात्राची एकेक छोटी गोष्ट, एवढेच. त्यांतील एक आयरो या वृद्धाची. तो नगरात फेरफटका मारतो. दुकानदाराला एका फुलझाडाविषयी चार शब्द सांगतो, रडणाऱ्या मुलाला गाणे म्हणून हसवितो, चाकू दाखवून लुटावयास आलेल्या तरुणाला प्रथम उभे कसे राहावे ते शिकवितो आणि मग चहा पाजून त्याच्या मनातली इच्छा काढून घेतो. दिवस कलता कलता एका टेकडीवर वृक्षाखाली तो मृत पुत्राची तसबीर मांडतो, उदबत्ती लावतो, आणि तेच गाणे म्हणता म्हणता रडतो.

या काही मिनिटांचे मोल ज्याला मुख्य कथा ठाऊक आहे त्यालाच कळते. आयरो हा अग्निराष्ट्राचा विख्यात सेनापती होता. याच नगरीला त्याने सहाशे दिवस वेढा घातला होता. येथेच त्याचा मुलगा पडला, आणि मग तो वेढा उठवून निघून गेला. त्याच पर्वातील 'झुको अलोन' या भागात त्या काळची एक आठवण येते. वेढ्याच्या छावणीतून तो घरच्या मुलांना पत्र धाडतो, भेटी धाडतो, आणि नगर फार सुंदर आहे, आम्ही ते जाळून टाकले नाही तर तुम्हीही कधी पाहाल, असा विनोद लिहितो. मुले खळखळून हसतात. ज्या नगरीला तो तेव्हा तटावरून पाहत होता तीच आता तो रस्त्यावरून पाहतो आहे. तेव्हा ती जिंकावयाची वस्तू होती. आता तीत एक रडणारे मूल आहे, एक भरकटलेला तरुण आहे. त्या नगरीनेही किती मुले गमावली असतील, हे आयरो बोलून दाखवीत नाही, आणि लेखकही बोलत नाहीत. हा भाग आयरोला आवाज देणाऱ्या माको या नटाच्या स्मृतीस अर्पिला आहे. 2006 मध्येच ते निवर्तले होते. मुख्य कथेने या प्रसंगाला अर्थ दिला, आणि या प्रसंगाने मुख्य कथेला अंतःकरण दिले. परस्परांवाचून दोन्ही अपुरी राहिली असती.

येथे आणखी एक शंका संभवते. गावकऱ्यांची दुःखे दाखवावयाची ती शेवटी वीराच्या आत्मोन्नतीसाठीच ना? मग हाही त्यांचा साधन म्हणून वापरच झाला. ही शंका खरी आहे, आणि बहुतेक साहसकथा तिच्यापुढे निरुत्तर होतात. गावकरी येतात, रडतात, वाचविले जातात, आभार मानतात आणि विस्मृतीत जातात. 'झुको अलोन'ने तिला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. झुको हा शत्रुराष्ट्राचा परित्यक्त राजपुत्र. भुकेलेला, एकटा, तो एका गावी येतो. एक शेतकरी कुटुंब त्याला आसरा देते; त्यांचा लहान मुलगा त्याच्यावर जीव लावतो. पुढे गुंड सैनिकांच्या तावडीतून त्या मुलाला सोडविताना झुकोला आपली अग्निविद्या प्रकट करावी लागते, आणि आपले नावही तो सांगतो. त्याने मुलाला वाचविले आहे. नेहमीच्या कथेत येथे जयजयकार झाला असता. पण गाव मागे सरते, आई मुलाला त्याच्यापासून दूर ओढते, आणि ज्याच्यासाठी हे केले तो मुलगाच त्याचा तिरस्कार करतो. ज्या राष्ट्राने त्यांचा थोरला मुलगा युद्धात ओढला त्या राष्ट्राच्या राजपुत्राविषयी कृतज्ञ राहण्याचे बंधन त्या गावावर नाही. वीराच्या गोष्टीला सोयीचे वागण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्या नकारातच त्यांचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध झाले. जे पात्र नायकाला 'नाही' म्हणू शकते ते साधन नसते.

यावरून फसलेल्या प्रसंगाचे लक्षणही हाती येते. याच मालिकेत 'द ग्रेट डिव्हाइड' नावाचा भाग आहे. दोन भांडणाऱ्या जमाती, एक दरी ओलांडावयाची, आणि आंग खोटी गोष्ट रचून तंटा मिटवितो. रसिकांना तो कधीच रुचला नाही. इतका, की अखेरच्या पर्वात लेखकांनी स्वतःच त्याची थट्टा केली आहे. तो कथानक पुढे नेत नाही म्हणून फसला, असे सहसा म्हणतात. पण आयरोचा फेरफटका तरी कथानक कोठे पुढे नेतो? त्या भागाचे वैगुण्य निराळे आहे. त्या जमातींना भांडणाशिवाय जीवनच नाही. ती माणसे दरीपलीकडे गेल्यावर कोठे जातील, काय खातील, कोणासाठी झुरतील, याचे कुतूहल आपल्याला वाटत नाही. ती एका धड्याची उदाहरणे आहेत. फळाची धनी नव्हेत.

उलट दिशेने झालेला प्रयोगही पाहण्याजोगा आहे. 2010 मध्ये एम. नाइट श्यामलन यांनी पहिल्या पर्वाच्या वीस भागांचा, हाडामांसाचे नट घेऊन, पावणेदोन तासांच्या आतला चित्रपट केला. वेळ अपुरा, म्हणून वाटेवरची बहुतेक गावे गळाली, आणि मुख्य कथा तेवढी उरली. ती निर्वेधपणे धावली; परंतु कोणासाठी धावते आहे हे प्रेक्षकाला उमगेना. त्या अपयशाची कारणे अनेक असतील, हे त्यांतील एक खासच होय. वेळ थोडा असला तरी गाव उभे करता येत नाही असे मात्र नाही. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' (1997) पाहावा. अरण्याचा संहार करणारी लोहनगरी ही तेथे संकटाचे मूळ आहे. पण नायक त्या नगरीत शिरतो, तेव्हा वेश्यागृहांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया हसतखिदळत भाता चालविताना दिसतात, आणि तोही त्यांच्याबरोबर भात्यावर पाय देतो. ज्यांना जगाने टाकले ते कुष्ठरोगी तेथे सन्मानाने काम करताना दिसतात. या मोजक्या प्रसंगांनंतर अरण्याच्या बाजूने उभा राहणारा प्रेक्षकही ती नगरी जळावी असे निःशंकपणे म्हणू शकत नाही. त्याचा पक्ष सुटत नाही, पण त्याचा द्वेष सुटतो.

आपल्या परंपरेला ही दृष्टी परकी नाही. उपाख्याने वगळून भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची होती, असे महाभारतच आदिपर्वात सांगते. तरीही युगानुयुगे लोकांनी उपाख्यानांसह वाढलेले महाभारतच उराशी धरले. वनपर्वात पांडवांपुढे कौरवांच्या पारिपत्याचा प्रश्न उभा असताना मार्कंडेय त्यांना मिथिलेतील एका मांसविक्रेत्याची आणि अतिथीला दारात तिष्ठत ठेवून आधी पतीची सेवा करणाऱ्या एका गृहिणीची कथा सांगत बसतो. युद्धाला निघालेल्या धर्मराजाला धर्म कळतो तो खाटकाच्या दुकानातून. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तर प्रमाणच उलटे आहे. तेथे राज्यक्रांती पडद्याआड घडते, आणि रंगमंचावर असतात जुगारी, चोर, गाडीवान, पहारेकरी. तरी त्या गाडीवानाने वसंतसेनेला मारण्यास दिलेला नकार, किंवा जुगार सोडून भिक्षू झालेल्या संवाहकाने तिला दिलेले जीवदान, ही राजा बदलण्याइतकीच मोठी कृत्ये आहेत असे शूद्रकाला वाटते, आणि आपल्यालाही वाटावयास तो लावतो.

मग वाटेवर थांबावे की नाही, याचा काही नियम सांगता येईल काय? मला दोनच गोष्टी निश्चयाने सांगता येतात. समोरचे दुःख जर आपल्याच हातून निवारले जाण्याजोगे असेल, तर पुढच्या हजारांच्या नावाने त्याकडे पाठ फिरवू नये. कारण त्या हजारांपैकी प्रत्येकजण, आपण तेथे पोहोचू तेव्हा, असाच समोरचा एकटा असणार आहे. आणि दुसरी गोष्ट ही, की मोठ्या कार्याची धास्ती वाटते म्हणून लहान कार्याच्या आडोशाला दडू नये. आंग एकदा पळाला, आणि शंभर वर्षे जगाने त्याची किंमत मोजली. थांबणे आणि दडणे बाहेरून सारखेच दिसते. त्यातला भेद ज्याचा त्याला ठाऊक असतो.

हे लिहिताना एक जुनी बोच मनात आहे. ती सांगून टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, खिळ्यांच्या छपाईच्या काळात, मी येथील एका मराठी नियतकालिकाचे काम पाहत असे. आमचा जुळारी तेलुगू होता. मराठी त्याला बोलता येत नसे, पण देवनागरी खिळे तो इतक्या बिनचूक जुळवी की आमच्यापैकी कित्येकांचे शुद्धलेखन त्याने हाताने सुधारले होते. एका वर्षी दिवाळी अंकाच्या धामधुमीत तो आजारी पडला. अंक निघाला की भेटावयास जाईन, असे मी त्याच्या मुलाला सांगितले. अंक निघाला, वेळेवर निघाला, नावाजला गेला. तो हातात घेऊन मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. परमुलखात मराठीची सेवा हे माझे महाकार्य होते. आणि ज्याच्या बोटांवर ती सेवा उभी होती तो माझ्या लेखी वाटेवरचे गाव होता. अंक एक आठवडा उशिरा निघाला असता तर मराठी भाषेचे काय बिघडले असते, याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

सुटी संपता संपता नातीची मालिकाही संपली. धूमकेतू आला आणि गेला, दुष्टाचा पाडाव झाला, नव्या राजाला राज्याभिषेक झाला. मला वाटले, येथेच पडदा पडणार. पण अखेरचा प्रसंग सिंहासनापाशी घडत नाही. तो बा सिंग से नगरीत, आयरोच्या चहाच्या दुकानात घडतो. जग वाचविणारी ती मुले तेथे नुसती बसली आहेत. नवा राजा आपल्या हाताने चहा वाटतो आहे. सोक्का सर्वांचे एक चित्र काढतो आणि ते इतके वाईट निघते की सगळे त्याची टर उडवितात. एकसष्ट भागांची यात्रा येऊन थांबली ती एका दुकानात.

"आजोबा," नात म्हणाली, "म्हणजे हीच मुख्य गोष्ट होती?"

मी तिला होय म्हणालो. मग आम्ही दोघे उठलो. ऊन उतरले होते, आणि कोपऱ्यावरच्या इराण्याच्या दुकानात, जेथे मी पन्नास वर्षे चहा पितो आहे, तेथे तिला घेऊन गेलो. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांचे नाव तिने मला वाटेत विचारले. ते मला ठाऊक नव्हते. आम्ही ते विचारून घेतले.